एकवीस सोंगट्यांचं माहेरपण

मी काही मुद्दाम केलं नाही, हे आधीच सांगते, कारण आमच्या घरात यावर अजून एकमत नाही. नवरा म्हणतो, "तुझ्या घाईमुळे झालं." लेक म्हणते, "आई, यू नेव्हर लेबल एनिथिंग." सासूबाई केव्हाच सांगलीला परत गेल्यात, पण व्हिडिओ कॉलवर विषय निघाला की अजून म्हणतात, "मला काय माहीत बाई! तू म्हणालीस चिनी बॉक्स आणा, मी चिनी बॉक्स आणला." तर चूक माझी. झालं समाधान? आता ऐका.

इकडे परदेशात, स्कारबरोत, आमच्या शेजारच्या घरात एक आजोबा राहायचे. वय चौऱ्याऐंशी, उंच, पाठीत थोडे वाकलेले. आयुष्यभर शाळेत गणित शिकवलेलं, त्यामुळे आपण काहीही बोललो की एक क्षण थांबून मगच उत्तर द्यायचे. बायको दीड वर्षापूर्वी गेली होती. मुलगी देशाच्या दुसऱ्या टोकाला, बर्नाबीत, तिनं सांगितलं की बाबा, पुरे झालं एकटं राहणं, आता आमच्याकडे या. घर विकायला काढलं. आणि घर विकायचं म्हणजे त्यात कोणी राहतंय असं दिसता कामा नये, हा इथला नियम! एक बाई येऊन फोटो, पुस्तकं, चहाचे मग, सगळं उचलून गॅरेजमध्ये टाकून गेली आणि टेबलावर प्लॅस्टिकची लिंबं ठेवून गेली.

त्याच आठवड्यात आजोबा आमच्या दारात. भुवयांवर बर्फ, आणि दोन्ही हातांत एक जुना बुटांचा बॉक्स.

"हा माझ्या बायकोचा बुद्धिबळाचा सेट," ते म्हणाले. "नात दहा वर्षांची आहे. आजीचा सेट घेऊन येतो आणि तुला खेळायला शिकवतो, असं तिला कबूल केलंय. मूव्हर्सच्या ट्रकमध्ये मी हा टाकणार नाही. विमानात मांडीवर घेऊन जाणार. दोन आठवडे तुझ्याकडे ठेवशील?"

"ठेवीन की! त्यात काय!" मी म्हणाले. ही "त्यात काय" म्हणायची खोड मला फार महागात पडते.

मग त्यांनी किचन टेबलावर बसून एकेक सोंगटी टिश्यूतून सोडवून दाखवली. अहो, काय ते कोरीवकाम! आधी मला हे बुद्धिबळ आहे हेच कळेना. अर्ध्या सोंगट्या पांढऱ्या, अर्ध्या लाल. राजा-राणी वीतभर उंच, झग्याच्या चुण्यासुद्धा कोरलेल्या, आणि दोघं उभे कशावर, तर जाळीदार चेंडूवर. त्या चेंडूच्या आत आणखी एक चेंडू, सुटा, बोटानं ढकलला की गरगर फिरणारा. घोड्यावर खरोखरचे स्वार, हातात तलवारी. प्यादी म्हणजे ढाली घेतलेले शिपाई, आणि प्रत्येकाचा चेहरा वेगळा. एकाला तर सर्दी झाल्यासारखी वाटत होती.

बायकोचे वडील बोटीवर होते. त्यांनी हाँगकाँगला उतरून हा सेट लेकीच्या लग्नासाठी घेतला होता. "हे हस्तिदंत नाही हं," आजोबांनी मला तीनदा सांगितलं, "गुराचं हाड आहे. कायदेशीर आहे." जशी काही मी पोलिसात कळवणार होते! मग त्यांनी एक सोंगटी उचलली. पाठीवर बुरूज, बुरुजावर झेंडा. "हा रूक, म्हणजे किल्ला. चिनी माणसानं किल्ला हत्तीच्या पाठीवर का चढवला, हे मला इतक्या वर्षांत कळलेलं नाही."

"अहो, बरोबर आहे त्याचं! आमच्यात याला हत्तीच म्हणतात!" मी एवढ्यानं ओरडले की वरून लेक आली. आजोबा एक क्षण थांबले आणि मग इतके खूश झाले की तीन पोळ्या खाऊन गेले.

बॉक्स मी बेसमेंटमधल्या शेल्फवर ठेवला. शेजारी होतं काय? माझं संक्रांतीचं वाण.

आता वाणाचं सांगते. आमच्या ग्रुपमध्ये कोण काय लुटतं यावरून वर्षभर बोललं जातं. गेल्या वर्षी मी चहाची गाळणी दिली होती, तर एकीनं "उपयोगी आहे हं" असं म्हटलं होतं, ज्या सुरात म्हटलं तो मी विसरलेले नाही. म्हणून या वर्षी मी चिनी मॉलमध्ये गेले. तिथल्या एका दुकानात छोट्या कोरीव वस्तू मिळतात, मासे, ड्रॅगन, हसरे म्हातारे, हत्ती. रेझिनचे, पण दिसायला झकास. तीस घेतले. दुकानवालीनं प्रत्येक वस्तू पांढऱ्या टिश्यूत गुंडाळली आणि हाताशी होता त्या बुटांच्या बॉक्समध्ये भरून दिली. आलं लक्षात?

हळदीकुंकवाच्या दिवशी बर्फाचं वॉर्निंग होतं, म्हणून तिसांच्या एकवीस जणी झाल्या. पण एकवीस म्हणजे काय कमी आहेत का! दारात बुटांचा डोंगर, वॉशरूमबाहेर रांग, लेक जॅकेटं वर नेऊन टाकतेय, नवऱ्याला मी केव्हाच ग्रोसरीच्या नावाखाली बाहेर पिटाळलेलं. मी कढईपाशी पुऱ्या तळतेय, आणि बाहेरून कोणीतरी म्हणालं, "चला गं, रोड्स आइसी होतायत, निघू या." मी तिथूनच ओरडले, "अहो आई, बेसमेंटमध्ये शेल्फवर बुटांचा बॉक्स आहे, टिश्यूत गुंडाळलेल्या चिनी वस्तू आहेत, त्या द्या एकेक!"

सासूबाईंनी दिल्या. हळदीकुंकू लावून, तिळगुळाच्या पिशवीत घालून, हसतमुखानं, एकेक. टिश्यू तिथल्या तिथे सोडून बघायची आपल्याकडे पद्धत नाही, म्हणून कोणी सोडून बघितलं नाही. एकवीस जणी गेल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला मी ऑफिसच्या मीटिंगमध्ये होते, म्हणजे बेडरूममध्ये लॅपटॉपसमोर. फोन टुणकन वाजला. ग्रुपवर फोटो. आमच्यातलीच एक नवीन लग्न झालेली मुलगी, कॉन्डोत सत्ताविसाव्या मजल्यावर राहणारी. तिच्या देवघराचा फोटो. डावीकडे गणपती, उजवीकडे अन्नपूर्णा आणि मधोमध आजोबांची पांढरी राणी! कपाळाला ठसठशीत कुंकू, समोर निरांजन. खाली लिहिलं होतं, "काय सुंदर वाण दिलंत ताई! ही कुठली देवी?"

मी फोटो मोठा करून बघितला. तोवर दुसरा मेसेज. "माझ्याकडे घोड्यावर बसलेले, हातात तलवार असलेले देव आलेत. आमचं कुलदैवतच खंडोबा! ताई, तुम्हाला कसं कळलं?" आणि फोटो. पांढरा घोडेस्वार भंडाऱ्यात न्हाऊन निघालेला. भंडारा म्हणजे हळदच हो! पिवळाधमक स्वार. मागून तिसरी, "मला दाढीवाले महाराज आलेत. कोणते महाराज आहेत हे? आरती कुठली म्हणायची?"

मी मीटिंगमध्ये कोणाला काही न सांगता उठले आणि बेसमेंटकडे धावले. जिना तीन-तीन पायऱ्यांनी उतरले. शेल्फवर माझे तीस रेझिनचे मासे आणि म्हातारे जसेच्या तसे. आणि आजोबांच्या बॉक्समध्ये अकरा सोंगट्या. मी परत मोजल्या. अकरा.

"आई!" मी किंचाळले.

सासूबाईंना मी सगळं सांगितलं. की ते वाण नव्हतं. ते शेजारच्या आजोबांच्या गेलेल्या बायकोचं बुद्धिबळ होतं. की ते तेरा दिवसांनी विमानात बसणार आहेत, मांडीवर हा बॉक्स घेऊन, आणि नात वाट बघतेय. सासूबाई खुर्चीवर बसल्या. मग मी म्हणाले, "आणि आई, ते हाडाचं आहे."

"कशाचं?"

"हाडाचं. गुराच्या."

"अगं बाई गं! संक्रांतीला? सवाष्णींना?" त्यांनी पदर तोंडाला लावला. मला वाटलं रडतायत. हसत होत्या! खांदे गदगदा हलत होते. "आणि ती देवघरात निरांजन लावून बसलीय!" मग एकदम गंभीर झाल्या. "हे बघ, शंख काय असतो? तोही जिवाचाच ना? असतो ना देवघरात? मग झालं तर. हे कोणाला बोलायचं नाही."

मी म्हणाले, मी ग्रुपवर सरळ लिहिते की चूक झाली, परत द्या. त्यांनी माझ्या हातातून फोनच काढून घेतला. "दिलेलं वाण परत मागायचं? वेड लागलं का तुला? एक जण देणार नाही, आणि दिलं तरी जन्मभर बोलतील. मागायचं नाही. त्यांनी होऊन आणून द्यायला पाहिजे."

"त्या कशाला होऊन देतील?"

सासूबाईंनी दोन मिनिटं खिडकीबाहेरच्या बर्फाकडे बघितलं. मग चष्मा लावला, माझ्याच फोनवर रेकॉर्डचं बटण दाबून धरलं आणि देवळात कीर्तनाला उभ्या राहिल्यासारख्या आवाजात बोलू लागल्या, "नमस्कार मुलींनो. कालच्या वाणाविषयी सांगायचं राहून गेलं. आमच्या सांगलीकडे जुनी पद्धत आहे. ही बाहुली म्हणजे माहेरवाशीण. ती तुमच्याकडे माहेरपणाला आलीय. तिचे लाड करा, गोडधोड करा. पण दहा दिवसांच्या आत तिला सासरी, म्हणजे आमच्या घरी, परत पाठवायची. माहेरवाशीण माहेरी कायमची राहिलेली शोभत नाही. आणि माहेराहून जाताना ती रिकाम्या हातानं जात नाही, हे काही मी सांगायला नको."

बोट उचललं. मेसेज गेला.

सांगलीत बावीस वर्षं माझं सासर आहे. अशी पद्धत सांगलीत नाही, मिरजेत नाही, कुठेच नाही. लेक कॉलेजला निघता निघता ऐकत होती, ती म्हणाली, "आजी, दॅट इज लिटरली फ्रॉड."

"काय म्हणते गं ती?"

"म्हणते, आजी हुशार आहे," मी म्हणाले.

आणि काय सांगू तुम्हाला! ग्रुपला अक्षरशः भरतं आलं. "किती गोड पद्धत!" "आपण हे सगळं विसरत चाललोय." "माझी आजी पण असंच काहीतरी करायची, आत्ता आठवलं." कोणाची आजी काय करायची देव जाणे! संध्याकाळपर्यंत फोटोंचा पूर. लाल शिपायाला बाळाचं टोपरं घातलेलं. हत्तीसमोर पुरणपोळी. दाढीवाल्या महाराजांना, मिशांसकट बरं का, मांडीवर घेऊन एकीनं झोपाळ्यावर झोका दिला. एकीनं तर आपल्या प्याद्याला मॉलमध्ये फिरवून आणलं, एस्कलेटरवर फोटो! सर्दीवाला शिपाईच होता तो, मी ओळखला. मी हसून हसून जमिनीवर बसायचे आणि पुढच्याच मिनिटाला उठून पडदा ओढायचे, कारण खिडकीतून आजोबा दिसायचे.

आजोबा रोज दिसायचे. चौऱ्याऐंशीव्या वर्षी स्वतःच्या ड्राइव्हवेवरचा बर्फ शोव्हल करायचे आणि तो झाला की आमचाही थोडा करायचे. मी दार उघडून, "अहो नको, नको," म्हणायचे. ते फावड्यावर टेकून विचारायचे, "माझं सैन्य कसं आहे?"

"मजेत! खाली आराम करतंय," मी म्हणायचे. रोज. तिळाच्या वड्यांचा डबा त्यांच्या हातात द्यायचे आणि आत पळायचे. सांगायला हवं होतं, पहिल्याच दिवशी. मला माहीत होतं ते. पण उद्या आणखी चार येतील, परवा सगळ्या येतील, मग सांगायची गरजच काय, असं माझं चाललेलं.

आणि येत होत्या हो! लेकीनं भिंतीवर कागद लावला, कोणती सोंगटी, कोणाच्या घरी, आली का नाही. जी आली तिच्यावर हिरवी रेघ. प्रत्येक सोंगटी ओटी घेऊन आली. तांदूळ, नारळ, ब्लाउजपीस, आणि वर एक भेट. डबे, ट्रे, सुगंधी मेणबत्त्या. माझी गाळणीसुद्धा परत आली! त्या "उपयोगी आहे हं" वालीकडूनच, पॅकिंग न उघडता. ज्यांना यायला जमत नव्हतं त्यांच्याकडे नवरा जायचा. ऑफिसमधून सुटला की विंटर टायरवर घसरत मार्खम, घसरत ब्रॅम्प्टन, आणि प्रत्येक घरी पोहे खाल्ल्याशिवाय सोंगटी हातात पडत नाही. आठवड्यात त्याची पँट घट्ट झाली.

एक लाल प्यादं विंडसरला गेलं. त्या बाई बहिणीकडे आल्या होत्या म्हणून आमच्याकडे आलेल्या. नवरा म्हणाला, "चार तास जायला, चार यायला. एका प्याद्यासाठी! बुद्धिबळातसुद्धा प्याद्यासाठी कोणी एवढं करत नाही." पण गेला. परत आला तेव्हा प्यादं पुढच्या सीटवर बसलेलं, बेल्ट लावून. मी म्हटलं, हे काय? तर म्हणतो कसा, "आठ तासांत सवय झाली गं. चांगला माणूस आहे."

अडला तो खंडोबा. त्या बाई काही ऐकेनात. "बाहुलीचं ठीक आहे, पण देव कसे हो माहेरपणाला येतील? देव एकदा घरात आले की आले." सासूबाईंनी फोन घेतला. "बरोबर आहे बाई तुमचं. पण देवाची पालखी निघते की नाही गावातून? निघते ना? तशी ही पालखी निघाली समजा. आणि तुमच्याकडे नवा टाक मी स्वतः जेजुरीहून पाठवते." तेवढं वचन मात्र त्यांनी खरोखर पाळलं, सांगलीला गेल्यावर पहिलं काम तेच. अकराव्या दिवशी खंडोबा आले. हळदीनं इतके पिवळे की डब्यातून काढताना माझी बोटंसुद्धा पिवळी झाली.

राणी त्याच्या आदल्या दिवशी आली होती. कॉन्डोतल्या त्या मुलीनं तिला रेशमी रुमालात बांधून आणलं. देताना डोळ्यांत पाणी. "ताई, मी दिवसभर घरी एकटीच असते ना, हिच्याशी बोलायची सवय लागली होती." रोज सकाळी ती राणीला शिऱ्याचा नैवेद्य दाखवायची आणि मग दोघी खिडकीशी बसायच्या, सत्ताविसाव्या मजल्यावरून गाड्या बघत. राणीच्या कपाळावर कुंकवाचा लाल ठिपका हाडात मुरला होता. तो काही जाईना.

सासूबाई म्हणाल्या, चिंच लावू या. मी ओरडले, "आई, तांब्याचं भांडं आहे का ते!" शेवटी मी सोंगट्यांचे फोटो घेऊन त्या मॉलमधल्या दुकानवालीकडे गेले. म्हटलं, चिनी वस्तू आहे, तिला माहीत असेल. तिनं फोटो मोठा करून बघितला, आणि मग खंडोबा बघून काउंटरवर डोकं टेकून हसली. हळद निघायची नाही म्हणाली. पाणी लावू नकोस, तडकेल. "आणि हे आमचं नाहीच," ती म्हणाली. "आमचं बुद्धिबळ वेगळं. चपट्या गोल सोंगट्या असतात, वर अक्षर लिहिलेलं. या बाहुल्या आम्ही गोऱ्या लोकांसाठी करायचो. ज्यानं कोरलं त्याला हा खेळ येतसुद्धा नसेल. तो म्हणाला असेल, तुम्हाला राजा पाहिजे ना, घ्या राजा. दिवाणखान्यात ठेवायला छान दिसतो."

"आणि मग हे मासे, म्हातारे? हे तुमचे?"

"हे?" तिनं शेल्फकडे हात केला. "हे तुमच्यासाठी."

घ्या! म्हणजे आता फॉरेनर मी! येताना गाडीत एकटीच हसत होते.

बाराव्या दिवशी बत्तीसच्या बत्तीस टेबलावर उभ्या होत्या. कागदावर सगळ्या हिरव्या रेघा. लेक म्हणाली, "आई, डू यू नो हाऊ इन्सेन धिस इज?" आणि आम्ही तिघी त्या टेबलाभोवती नाचलो. सासूबाई तर फुगडी घालत होत्या, सत्तराव्या वर्षी. नवरा चहाचा कप घेऊन भिंतीला चिकटून उभा.

आणि दाराची बेल वाजली. आजोबा एक दिवस आधीच आले होते.

मी घाईघाईनं चहा टाकला. ते टेबलाशी बसले आणि सवयीनं एकेक सोंगटी उचलून टिश्यूत गुंडाळू लागले. हत्ती, शिपाई, शिपाई. मग खंडोबा. त्यांनी तो उजेडात धरला. मग राणी. अंगठ्यानं तिच्या कपाळावरून हळूच पुसलं. परत पुसलं.

"हे काय आहे?"

मी तोंड उघडलं. खोटं जिभेवर तयार होतं, बेसमेंटची ओल, जुनं हाड, काहीतरी. मागून सासूबाई हळूच म्हणाल्या, "खरं सांग."

सांगितलं. सगळं. वाण, देवघर, खंडोबा, विंडसर. सांगता सांगता मलाच हसू यायला लागलं, आणि मला वाटलं तेही हसतील. हसायला नको होतं का त्यांनी? पण ते हसले नाहीत. नेहमीप्रमाणे एक क्षण थांबले. हा क्षण फार लांबला.

"बारा दिवस," ते म्हणाले. "बारा दिवस मी तुला रोज विचारलं."

"हो."

"आणि तू मला वड्या दिल्यास."

मी चहाखालचा गॅस बंद केला.

"मला हळदीचं काही वाटत नाही," ते म्हणाले. "पण तू मला सांगितलं असतंस तर मीही दारोदार आलो असतो. हा तिचा सेट आहे. मला कोणीतरी सांगायला हवं होतं." मग उरलेल्या सोंगट्या गुंडाळल्या, झाकण लावलं, "थँक यू" म्हणाले आणि बॉक्स घेऊन गेले. दार अगदी हळू लावलं. आपटलं असतं तर बरं झालं असतं. मी किचनमध्ये उभी राहून हमसाहमशी रडले, आणि मी काही रडणाऱ्यातली नव्हे. सासूबाई पाठीवरून हात फिरवत होत्या आणि म्हणत होत्या की चूक त्यांचीही आहे, आणि त्या दिवशी ते मला मुळीच नको होतं.

दुसऱ्या दिवशी टॅक्सी आली. मी दारात उभी होते. त्यांनी हात केला, पण आले नाहीत.

पुढचे तीन आठवडे मी तो विषय कोणाला काढू दिला नाही. ग्रुपवर मात्र माहेरपण जोरात. आमच्या सांगलीची पद्धत म्हणून ती मिसिसागाला गेली, तिथून कोणीतरी एडमंटनला पाठवली, आणि एके दिवशी तो मेसेज थेट पुण्याहून माझ्याच आईनं मला फॉरवर्ड केला, "तुमच्या सांगलीची पद्धत बघ किती छान!" असं लिहून. एरवी मी हसून लोळले असते.

मग एका शनिवारी दुपारी फोन वाजला. आजोबांचा नंबर. मी हात पुसले, परत पुसले आणि उचलला.

"मला तुझी मदत पाहिजे," ते म्हणाले. हॅलो नाही, काही नाही. "आम्ही पट मांडून बसलोय. माझी नात खेळायलाच तयार नाही. घोडा पिवळा का आहे, हे कळल्याशिवाय ती घोडा हलवणार नाही म्हणते. मी सांगितलं, पण मला नीट सांगता येत नाही. तू सांग."

फोन स्पीकरवर होता. एक चिमुकला आवाज म्हणाला, "हाय! इज इट ट्रू ही वॉज अ गॉड?"

मग काय विचारता! मी सांगितलं. तलवारवाले देव, जेजुरी, हळद कशी उधळतात. शिपायाचं टोपरं. झोपाळ्यावरचे दाढीवाले महाराज. सर्दीवाल्या शिपायाची एस्कलेटरची सफर. बेल्ट लावून विंडसरहून आलेलं प्यादं. ती पोर खिदळत होती, "व्हिच वन? व्हिच वन?" ओरडत होती आणि एकेक सोंगटी आजोबांच्या चष्म्यासमोर धरत होती, हे मला त्यांच्या "अगं, जरा लांब, जरा लांब" वरून कळत होतं.

"आणि राणी?" ती म्हणाली. "राणी कुठे गेली होती?"

मी म्हणाले, राणी माहेरी गेली होती. आणि अडकले. माहेर इंग्लिशमध्ये काय सांगणार? म्हटलं, असं घर, जिथे बाईला काही काम करावं लागत नाही. तिला कोणी काही मागत नाही. सगळे तिचे लाड करतात, आणि जाताना हात भरून पाठवतात. म्हटलं, तुमची राणी उंच घरात राहिली, सत्ताविसाव्या मजल्यावर. रोज सकाळी तिला तुपातला गरम शिरा मिळायचा, आणि मग ती एका मैत्रिणीबरोबर खिडकीत बसून सगळं शहर बघायची.

मला वाटलं, लाइन कट झाली.

"आजोबा?" मी म्हणाले.

एक क्षण गेला. मग ते हसले, घसा साफ केला, आणि परत हसले. "तिला आवडलं असतं," ते म्हणाले. "पंचावन्न वर्षं ती एकच तक्रार करत होती, की मी तिला कुठे म्हणून नेलं नाही."